मदत हवी आहे: रोबॉटिक्स टीमच्या मेंटॉरने कुठपर्यंत सांगायचं?

नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीतल्या (पुणे) आठवी ते अकरावीच्या पोरांची टीम यंदा पहिल्यांदाच फर्स्ट टेक चॅलेंज (एफटीसी) या रोबॉट स्पर्धेत उतरतेय आणि मी त्यांचा मेंटॉर आहे. माझं काम मशीन डिझाइनचं, त्यामुळे तांत्रिक अडचण फारशी नाही, अडलंय वेगळ्याच ठिकाणी.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मॅच सुरू होताना रोबॉट सगळ्या बाजूंनी १८ इंचात बसला पाहिजे, पहिले ३० सेकंद तो नुसत्या प्रोग्रामवर चालतो, मग २ मिनिटं पोरं गेमपॅडने चालवतात.

तर त्या ३० सेकंदांचा प्रोग्राम पोरांनी वेळेवर बेतलाय, म्हणजे इतके मिलिसेकंद मोटर फिरव, थांब, वळ. बॅटरी फुल चार्ज असली की रोबॉट पुढे जाऊन भिंतीवर धडकतो आणि थोडी उतरली की अलीकडेच थांबतो, मग पोरं परत आकडे बदलत बसतात, संध्याकाळ त्यातच जाते. मोटरला एन्कोडर आहे, त्याची वायर हबला (रोबॉटच्या कंट्रोलरला) लावलेलीच नाहीये, मला समोर दिसतंय! एन्कोडर वापरला तर वेळेऐवजी चाक किती फिरलं ते मोजता येईल. पण ओठांवर आलेलं गिळलं आणि एवढंच म्हटलं की प्रत्येक रनला अंतर लिहा आणि शेजारी बॅटरीचं व्होल्टेज पण लिहा. नववीतल्या एका मुलीने वहीत तक्ता केला आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच ओरडली, "काका, व्होल्टेज कमी झालं की अंतर पण कमी होतंय!" मला फार म्हणजे फार बरं वाटलं. एन्कोडरपर्यंत मात्र अजून कोणी पोचलेलं नाही आणि स्पर्धा जवळ आलीये. आता सांगून टाकू का? जज पोरांनाच विचारणार की हे असं का केलं, तेव्हा उत्तर त्यांचं स्वतःचं असावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे सगळं कोडिंग एकच मुलगा करतो, हुशार आहे पण लॅपटॉप सोडत नाही, आणि वर जिने तो तक्ता केला तिला बाकीच्यांनी जजना द्यायच्या पोर्टफोलिओची (टीमच्या कामाच्या नोंदींची) १५ पानं सजवायला बसवलंय, हे मला अजिबात पटत नाही. मी मध्ये पडून कामं बदलली तर टीम माझी होते, नाही पडलो तर तिचा सीझन रंगीत बॉर्डरी काढण्यात जाणार.

आणि एक बाबा आहेत, ग्रिपर (वस्तू पकडायचा पंजा) स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवून आणतो म्हणतात. माणूस चांगला आहे, हेतूही चांगला, न दुखावता नाही कसं म्हणायचं?

ज्यांनी एफटीसी किंवा लेगो लीगच्या टीम सांभाळल्यात त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही नेमकं काय बोललात आणि कधी. रविवारी आम्ही परत भेटतोय, त्याच्या आत कळलं तर फार उपयोग होईल.