गाबोळीने भरलेली मादी गळाला लागली तर?

उधाणभरती

धागा काढायला निमित्त परवाच्या पहाटेचं. विषुवदिन होऊन दोन-तीन दिवस झालेले, वर अमावस्या. म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणांपैकी एक. पाणी पुळणीच्या पार वरच्या कचऱ्याच्या रेषेपर्यंत चढलं, थबकलं आणि फिरलं. ओहोटी लागून अर्धा तास झाला असेल, खाडीच्या मुखाशी टाकलेल्या गळाला ओढ बसली. दहा-बारा मिनिटं रीळ किंचाळत होतं. बाहेर आली ती हातभर लांब मादी, पोट तटतटलेलं. आडवी धरली तर तळहातावर आपसूक आठ-दहा अंडी सांडली. मोहरीहून बारीक, काचेच्या मण्यांसारखी आरपार.

मी ती ठेवली. नियमात बसत होती, चोरी नव्हती. पण ती अंडी काही डोक्यातून जाईनात. अंडी अशी आरपार होऊन वाहायला लागली म्हणजे मादी फार तर दिवसभरात मोकळी होणार होती.

तर माझं म्हणणं: वसंतात मोठी मादी लागली की सोडायची. नियम काहीही म्हणो.

कारण मोठी मादी म्हणजे चार लहान माद्यांची बेरीज नव्हे. २०१८ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासातलं उदाहरण घ्या. अटलांटिक कॉडची ३० किलोची एक मादी २ किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी देते. त्या २८ जणींचं वजन होतं ५६ किलो, हिचं ३०.

शिवाय बऱ्याच जातींत वयस्क माद्यांचा अंडी सोडण्याचा काळ लांबतो, आणि वसंतात खरी मेख तिथेच आहे. हिवाळ्यात ढवळून वर आलेली पोषकद्रव्यं आणि वाढतं ऊन मिळून पाण्यात वनस्पती-प्लवकांचा बहर येतो. त्यामागून ते खाणारे सूक्ष्म जीव. पिल्लांच्या पोटाशी असलेला बलक संपतो त्या सुमारास हे खाणं समोर असलं तर निभावतं, मागेपुढे झालं तर ती उपाशी मरतात. बहर कोणत्या आठवड्यात येईल हे मासळीला कुठून कळणार? जी मादी आठवडेच्या आठवडे थोडी थोडी अंडी सोडते तिची काही पिल्लं तरी वेळ गाठतात.

बोला.

कातळावरचा

आधी बारा मिनिटं झुंजवायची, वाळूवर आडवी पाडायची, पोट चाचपायचं, आणि मग "जा बाई सुखी राहा" म्हणून पाण्यात सोडायची. सोडलेला प्रत्येक मासा जगतो असं कोणी सांगितलं तुम्हाला?

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा मासा आहे, तिथे हौशी गळवाल्यांची गर्दी असते. त्याचा साठा मोजताना तिथले शास्त्रज्ञ सोडलेल्या शंभरातले नऊ मरतात असं धरतात. आता हिशेब करा. एक गडी सकाळभर वीस मासे पकडतो नि वीसही सोडतो. जवळजवळ दोन मेले. दुसरा पहिलाच नियमात बसणारा मासा ठेवतो, दोरी गुंडाळतो, घरी जातो. एक मेला. यातला पुण्यवान कोण?

माझा नियम साधा आहे. पहिला ठेवायचा आणि उठायचं. मादी असो, नर असो.

अवांतर: स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला कायद्याने मनाई आहे. त्यांना समुद्र नाही हे मान्य, पण डोकं आहे.

शिसं

एवढं मनाला लावून घ्यायचं काय त्यात? बाहेर ट्रॉलर तळ खरवडून नेतायत आणि इथे एका काठीवाल्याने एक मासा नेला म्हणून सुतक. समुद्र आहे तो, हौद नाही.

खारवेल

@कातळावरचा, तुमचा नऊचा आकडा बरोबर आहे, पण ती सरासरी आहे. प्रत्येक मासा नऊ टक्के मरत नाही ना. गळ कुठे रुतला, पाणी किती गरम होतं आणि मासा किती वेळ हवेत होता, यावर सगळं असतं.

गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. ऐन उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात झुंजून थकलेला मासा सोडला तर तो सावरेलच याची खात्री नसते, वसंतातल्या गार पाण्यात बऱ्याचदा सावरतो. म्हणजे सोडायचाच असेल तर वर्षातला हा काळ त्यातल्या त्यात चांगला. स्ट्राइप्ड बासमध्ये तर असंही दिसलंय की गोड्या पाण्यात सोडलेल्यांपेक्षा खाऱ्या पाण्यात सोडलेले जास्त जगतात.

आणि गळाचं म्हणाल तर आमिष लावून बसणाऱ्यांनी साधा गळ कधीच टाकून द्यायला हवा होता. सर्कल हुक बघितलाय का हातात घेऊन? त्याचं टोक दांड्याकडे आत वळलेलं असतं. माशाने आमिष गिळलं तरी गळ घशातून सरकत येतो आणि तोंडाच्या कोपऱ्यात, जबड्याच्या कडेवर अडकतो. अट एकच, झटका मारायचा नाही. काठी वाकू द्यायची आणि शांतपणे रीळ फिरवत राहायचं. जुन्या सवयीचा माणूस पहिले आठ दिवस झटके मारून सगळे मासे घालवतो आणि मग गळाला शिव्या देतो. (मी पंधरा दिवस दिल्या.) २०२१ पासून स्ट्राइप्ड बाससाठी आमिष वापरायचं तर हाच गळ लावणं तिथे सक्तीचं आहे.

उधाणभरती

@शिसं, हौद नाही हे खरं, पण ज्या माशाची गोष्ट कातळरावांनी काढली त्याचंच पुढे ऐका. हा मासा वसंतात चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये चढून अंडी घालतो, मग मोठे मासे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला सरकतात. गेल्या शतकात सत्तरच्या दशकानंतर साठा असा कोसळला की मेरीलँड राज्याने १९८५ साली पूर्ण बंदी घातली. १९९० पर्यंत एकही ठेवायचा नाही. १९९५ साली साठा सावरल्याचं जाहीर झालं. पुढे पुन्हा घसरण लागली. आणि आज त्या माशाचे सर्वांत जास्त बळी ट्रॉलर घेत नाहीत. तुमच्या-माझ्यासारखे काठीवाले घेतात, व्यापारी मासेमारीपेक्षा कितीतरी जास्त.

कातळावरचा

आणि त्या बळींतला केवढा भाग "सोडून दिलेल्यांचा" आहे तेही सांगा की! काही वर्षांत जवळजवळ निम्मा. माझ्याच मुद्द्याला पाणी घातलंत.

शिसं

बरं, ट्रॉलरचं मागे घेतो. त्या माशापुरतं.

गप्पगार

एरवी नुसता वाचत असतो, पण इथे सगळे "मोठा मासा म्हणजे मादी" असं धरून चाललेत म्हणून लिहितो. कुठला मासा, ते तरी विचारा.

जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मादी होतो. तिथे मोठे जवळपास सगळे माद्या, म्हणजे उधाणभरतींचं म्हणणं चपखल बसतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर तो ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि १२० पेक्षा मोठाही नाही. वर नोव्हेंबर ते जानेवारी पूर्ण बंद, कारण तिकडचा अंड्यांचा हंगाम तेव्हा असतो.

हेकरूचं बरोब्बर उलटं. आधी मादी, मोठा झाल्यावर नर. तिथे "मोठ्या माद्या सोडा" हा मंत्र म्हणत तुम्ही मध्यम आकाराच्या सगळ्या माद्या घरी न्याल आणि सोडलेला मोठा मासा निघेल नर. किंवा मोठे मोठे वेचून नेले तर माद्या उरतील आणि नर सापडणार नाहीत. त्यातून हेकरू खोलातून वर खेचला की त्याची हवेची पिशवी फुगते, जठर उलटून तोंडात येतं. तसाच सोडला तर पाण्यावर तरंगत बसतो, खाली जाताच येत नाही.

एकच नियम सगळ्यांना लावणाऱ्याला मासे कळत नाहीत, एवढंच.

उधाणभरती

हेकरूचं मान्य. मी पुळणीवरून गळ टाकणारा माणूस, खोल पाण्यातलं माझ्या डोक्यातच आलं नाही. पण तुम्ही दिलेल्या क्वीन्सलंडच्या नियमात वरची मर्यादा आहेच. मधल्या आकाराचेच ठेवा, लहान आणि दांडगे दोन्ही सोडा, ही पद्धत मला पटते.

कातळावरचा

ती मधली खिडकीही तपासून घ्या. स्ट्राइप्ड बासला २०२० पासून समुद्रकिनाऱ्यावर २८ ते ३५ इंचांची खिडकी होती. २०१५ साली जन्मलेली पिढी चांगली दणकट होती, ती वाढत वाढत २०२२ साली नेमकी त्या खिडकीत आली. ठेवलेल्या माशांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाली! २०२३ साली घाईघाईने वरची हद्द ३१ इंचांवर आणावी लागली. म्हाताऱ्या माद्या वाचवायच्या म्हणून जी एकुलती भरघोस पिढी पुढे म्हातारी व्हायची, तिच्यावरच सगळे तुटून पडले.

म्हणून म्हणतो, आकाराचे खेळ पुरे. गळ पाण्यात किती तास असतो त्यावर बोला.

खारवेल

यावेळी मी कातळरावांच्या बाजूने, अर्धी. वायव्य युरोपात सी-बास नावाच्या माशाला ४२ सेंटिमीटरची खालची मर्यादा आहे आणि शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये अंड्यांच्या काळात ठेवायलाच बंदी. पण सोडण्याच्या बोलीवर पकडायला मुभा! म्हणजे ज्या आठवड्यांत त्यांना शांतता हवी त्याच आठवड्यांत आपण त्यांना ओढून काढणार, कुरवाळणार आणि परत टाकणार. हे मला कधीच कळलेलं नाही.

पण "पहिला ठेवा नि उठा" हेही मला झेपत नाही. पहिला मासा जर परवाच्यासारखा अंडी गळत असलेला निघाला तर? तोही ठेवणार?

कातळावरचा

हो. ठेवणार आणि पुढचे दोन आठवडे त्या मुखाशी फिरकणार नाही. तुम्ही सोडणार आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी हजर.

गप्पगार

हे लागलं हो सगळ्यांना.

उधाणभरती

मला तर लागलंच. दुसऱ्या दिवशी गेलो होतो मी.

जागेचंच कोडं आहे. वसंतात हवा गरम झाली तरी समुद्र आठवडेच्या आठवडे मागे राहतो. दिवसा ओहोटीत उघडा पडलेला खाडीतला काळा चिखल तापतो, त्यावरून भरतीचं पाणी पसरतं, कोमट होतं आणि ओहोटीबरोबर मुखातून बाहेर पडतं. त्याबरोबर कोळंबी, बारीक मासळी वाहत येते. म्हणून मोठे मासे मुखाशी प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात. बाकी किनारा या दिवसांत ओसाड. मुख सोडून गळ टाकायचा म्हणजे नुसतं वारा खात बसायचं. सगळ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून सगळे तिथेच असतात. आणि पोटात अंडी असलेल्या माद्याही.

आणखी एक. हे आधी लिहायला हवं होतं, लाज वाटली म्हणून गाळलं. परवाच्या मादीने गळ पार घशात नेला होता. साधा गळ, आमिष कोळंबीचं. मी हातात काठी धरून नव्हतो, ती टेकूला लावून थर्मास उघडत होतो. "ठेवली" म्हटलं खरं, पण सोडायचा विचार मनात आला तेव्हा कल्ल्यांतून रक्त येत होतं.

खारवेल

अहो, मग हा धागाच निराळा झाला! घशातला गळ ओढून काढायचा नसतो. दोरी तोंडाजवळ कापायची आणि सोडून द्यायचं. ओढून काढण्यापेक्षा तसे जास्त मासे वाचतात, कित्येकदा गळ पुढे गंजून किंवा आपसूक सुटून जातो. मात्र गळ गंजणाऱ्या धातूचा हवा, स्टेनलेस नको. कल्ल्यांतून भळाभळा रक्त येत असेल तर मात्र बहुधा संपलंच. अशी मादी ठेवलीत ते बरोबरच केलंत.

कातळावरचा

बघा. म्हणजे सोडायची म्हणणाऱ्याने ठेवली आणि बरोबर केलं. माझ्या बाजूने एक गुण लिहा.

उधाणभरती

लिहिला. पण काठी हातात असती तर ओढ पहिल्याच क्षणी कळली असती आणि गळ ओठातच राहिला असता, हेही त्याच पानावर लिहा.

शिसं

सर्कल हुकचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला तर मासा निसटतो का? की दोरी ताणलेली ठेवली तर चालतं? मनापासून विचारतोय, खिल्ली नाही.

खारवेल

दोरी सैल पडू दिली नाहीत तर सहसा चालतं. काढताना तर हाताने वळवला की सुटतो, मासा पाण्याबाहेर काढावाच लागत नाही. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. आणि पक्कड लांब तोंडाची घ्या. बुटक्या पकडीने मोठ्या माशाच्या तोंडात शिरलात तर काटा तुमच्याच अंगठ्यात जाईल.

कातळावरचा

अंगठ्याचं खरं आहे. माझ्या डाव्या अंगठ्यावर दोन खुणा आहेत, दोन्ही वसंतातल्याच. सकाळी बोटं गारठलेली असतात ना.