मुंबईच्या फोर्टमधल्या बांधकामाला कडक नियम हवेत की नकोत?

कमानदार:
डी. एन. रोडवर सीएसएमटीकडून फ्लोरा फाउंटनकडे जाताना बराचसा रस्ता कमानींखालून कापता येतो. पावसात छत्रीही लागत नाही. तळमजल्यावर ही वाट सोडायलाच हवी, असा १८९६ चा नियम होता. बॅलार्ड इस्टेटमध्येही नियमाचा फायदा दिसतो. इमारती वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण वास्तुविशारद जॉर्ज विटेटने लावलेल्या शिस्तीमुळे उंची आणि दर्शनी भाग जुळतात.

१९९५ च्या हेरिटेज नियमावलीने जुन्या वास्तूंना श्रेणी दिली, ते उत्तमच झालं. पण शेजारी नवं काय उभं राहावं, हेही मोजमापासह लिहिलेलं हवं: कमान पुढे न्यायची, दर्शनी रेषा मोडायची नाही, फुटपाथला तोंड करून पार्किंगची भिंत नको. माझं मत स्पष्ट आहे, फोर्टमध्ये हे सक्तीचं असावं.

तिसरा_मजला:
अजिबात पटत नाही. आम्ही पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या जागांच्या इमारतीत राहतो. जिन्याखाली लोखंडी टेकू आहेत, गॅलरीच्या लाकडी तुळईत बोट घातलं तर भुसा निघतो. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, मालकाला त्यातून रंगसुद्धा परवडत नाही. जुलै २०२० मध्ये मिंट रोडची भानुशाली इमारत कोसळून माणसं गेली. तुम्ही दर्शनी रेषेचं बोलताय, आम्ही रात्री पाऊस वाढला की जागे राहतो.

नकाशा_पास:
आर्किटेक्ट म्हणून लिहितो. नियम कडक असल्याचा त्रास होत नाही, ते मोघम असल्याचा होतो. ‘परिसराशी सुसंगत’ म्हणजे नेमकं काय? हेरिटेज समितीच्या एका बैठकीत खिडकीची उंची खटकते, पुढच्या बैठकीत दगडाचा रंग. मोजमाप लिहून द्या, त्यात बसणाऱ्या नकाशाला थेट मंजुरी द्या. समितीकडे फक्त अपवाद जावेत, तेही मुदतीत.

गाळा_नं_४:
दुकानदारांचंही ऐका. कमानीआड पाटी गेली तर समोरच्या फुटपाथवरून दुकान दिसत नाही. भाडं आम्ही भरतो, शोभा शहराची.

कमानदार:
गाळा_नं_४, डी. एन. रोडवर वास्तुसंवर्धक आभा लांबा यांच्या प्रकल्पात पाट्यांचाच प्रश्न होता. दुकानदारांशी बोलून पाट्या कमानीच्या आत बसवल्या. सगळ्यांच्या पाट्या एका मापाच्या झाल्या की शेजाऱ्याहून मोठी लावायची चढाओढ उरत नाही.

तिसरा_मजला, तुमची भीती खरी आहे. पण टेकू कमानीच्या नियमामुळे लागले नाहीत, ते थकलेल्या दुरुस्तीमुळे लागले. हेरिटेज मालकाला टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा, देण्याची सोय नियमावलीत आहे. त्या पैशातला ठरावीक वाटा आधी दुरुस्तीलाच लागला पाहिजे, अशी अट घालायला हवी.

तिसरा_मजला:
टीडीआर मालकाच्या हातात पडतो, भाडेकरूच्या नाही. तुमच्या नियमांत पहिलं कलम दुरुस्तीचं टाका आणि मालक हलला नाही तर म्हाडाने (सरकारी गृहनिर्माण मंडळाने) किती दिवसांत काम हाती घ्यायचं तेही लिहा. तोवर कमानीच्या मापाला माझा विरोध राहील.

नकाशा_पास:
या कलमाला माझा पाठिंबा. टेकू लागलेल्या इमारतीचा प्रस्ताव समितीपुढे रांगेत थांबताच कामा नये.