‘कुणालाच माहीत नसलेलं देऊळ’ आणि रीलवाल्यांची भक्ती

भीमाकाठचा:
काल एकाने हत्तरसंग कुडलच्या मुखलिंगाची रील टाकली. वर मथळा, ‘सोलापूरजवळचं कुणालाच माहीत नसलेलं रहस्यमय मंदिर, आम्ही शोधलं!’ खाली प्रवचन, की देवळात फोटोला मनाई करणारे मागासलेले, देव काय कॅमेऱ्याला घाबरतो का.

कुणाला माहीत नाही? दक्षिण सोलापूरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हरिहरेश्वराचं देऊळ मातीच्या ढिगाऱ्याखाली होतं. नव्वदच्या दशकात लोकांनी घाम गाळून ते उपसलं, तेव्हा 359 मुखांचं हे लिंग उजेडात आलं. तुम्ही शोधलंत ते गूगल मॅपवर.

रीलमध्ये आणखी काय दिसतं बघा. लिंगावर पाण्याची बाटली उपडी केली. काळा दगड ओला झाला की मुखं उठून दिसतात, म्हणून. हा अभिषेक नव्हे, मेकअप आहे. मग स्वारी संगमेश्वराच्या देवळात. तिथे तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा लेख आहे, मराठीतला सर्वांत जुना. अक्षरं कॅमेऱ्यात दिसेनात म्हणून पठ्ठ्याने त्यावर खडू घासला. खडू!

माझं मत सरळ आहे. गाभाऱ्यात कॅमेरा नको. पंढरपुरात मोबाईल बाहेर ठेवूनच आत जावं लागतं, तेवढ्यापुरता तरी माणूस विठोबाकडे बघतो. केदारनाथला लग्नाच्या मागण्या घालायचे व्हिडिओ निघायला लागले, तेव्हा 2023 मध्ये तिथेही बंदीचे बोर्ड लावावे लागले.

आडवा_उजेड:
रील माझी नाही, पण कॅमेरा माझ्याकडेही आहे, त्यामुळे अंगाला लागलं. खडूचं म्हणाल तर त्याला चार फटके द्या, मी धरून ठेवतो. गरजच नसते त्याची. अंधार पडत आला की बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने आडवी धरायची. कोरीव कडांची सावली पडते आणि जी ओळ दुपारी सपाट दिसत होती ती वाचता येते. समोरून फ्लॅश मारला की नेमकी उलट गत, सगळं पुसल्यासारखं.

पण सरसकट बंदी? त्याच लेखाच्या शेवटी कोरलंय, ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचेल तो विजयी होईल. लिहिणारा वाचा म्हणतोय आणि तुम्ही बघू नका म्हणताय. दुसरं असं, की एखादी मूर्ती उद्या चोरीला गेली तर पोलीस पहिली गोष्ट फोटो मागतात. आमच्या तालुक्यातल्या एका देवळातली पितळी उत्सवमूर्ती गेली, तेव्हा कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये ती मागे अर्धवट दिसत होती. तेवढाच पुरावा. का? तर आत फोटोला बंदी!

अलिबागकर_पाहुणा:
‘सर्वांत जुना’ जरा जपून. अलिबागजवळच्या आमच्या अक्षीचा मराठी शिलालेख शके 934, म्हणजे 1012.

भीमाकाठचा:
@अलिबागकर_पाहुणा अक्षीच्या वाचनावर अभ्यासकांचं एकमत आहे का? नाही. विषय काय, तुम्ही काढताय काय.

बाराबंदी:
गाभाऱ्याचं सोडा ओ, रस्त्यावरचं बोला. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत मानाच्या सात काठ्या, म्हणजे उंच नंदीध्वज, निघतात. काठी कमरेच्या पट्ट्यात पेलून, तोल सांभाळत, अडुसष्ट लिंगांना फिरायचं म्हणजे चेष्टा नाही. आमच्या घरात काठी धरणारे आहेत म्हणून सांगालाव. मागच्या खेपेला एक फोटोग्राफर काठीच्या पुढ्यात उलटा उलटा चालालाता, डोळा कॅमेऱ्याला, पाय कुठं पडालेत पत्ताच नाही. पडला मधेच. काठी डोलली. आमच्या चुलत्यांनी कशी सावरली ते त्यांनाच माहीत. आणि तो उठून म्हणतोय, ‘काका, परत एकदा तसंच येता का?’ अहो, ती मिरवणूक आहे, शूटिंग आहे का!

सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर आता अक्षता टाकायला हात मोकळा नसतो. सगळ्यांच्या हातात मोबाईल. ‘हर्र बोला हर्र’ पण हळूच म्हणतात, रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज येऊ नये म्हणून.

धम्मयात्री:
माझा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. बोधगयेला 2013 च्या स्फोटांपासून मोबाईल बाहेर जमा करावा लागतो. आई आणि मी बोधिवृक्षापाशी तासभर नुसते बसलो. मोबाईल असता तर दहा मिनिटांत उठलो असतो, हे कबूल. श्रीलंकेत तर बुद्धाकडे पाठ करून फोटो काढला तरी हटकतात. आणि आपल्याकडे लेण्यांत जा, स्तूपाला टेकून, हर्मिकेवर, म्हणजे त्याच्या माथ्यावरच्या चौकोनी भागावर, कोपर ठेवून पोझ. देवळात चप्पल काढणारा माणूस लेण्यात बूट घालून स्तूपावर चढतो, कारण त्याच्या लेखी ते ‘पिकनिक स्पॉट’.

आणि शोधायचंच असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. त्रिविक्रमाच्या देवळाची विटांची मागची अर्धगोल बाजू बघा. ते मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे स्तूपाचं प्रार्थनागृह, होतं, असं अभ्यासक कधीचं म्हणतायत. फलकावर सापडतंय का बघा.

शेंगाचटणी:
आलंच का. आता सगळीच देवळं बौद्ध. विठ्ठल पण घ्या.

धम्मयात्री:
@शेंगाचटणी मी एका इमारतीबद्दल बोललो, तुम्ही विठ्ठलापर्यंत पोचलात. बरं, सन्नतीचं ऐका, गुलबर्ग्याच्या पुढे, आपल्याच भीमेकाठी. चंद्रलांबा देवीच्या आवारात कालीच्या देवळाचं छत 1986 मध्ये कोसळलं. मूर्तीखालचा दगड निघाला तो सम्राट अशोकाचा शिलालेख. शेजारी कनगनहळ्ळीच्या स्तूपाजवळ अशोकाचं नाव कोरलेलं शिल्पच सापडलं. हे मी रचलेलं नाही.

शेंगाचटणी:
मग त्याचा फोटोशी काय संबंध? दगड मूर्तीखाली होता. कॅमेऱ्याला दिसला असता का?

धम्मयात्री:
हा मुद्दा बरोबर आहे तुमचा. एकच आहे, पण बरोबर आहे.

फरशी_हटाव:
सगळे कॅमेऱ्याच्या मागे लागलेत. कॅमेऱ्याने आजवर किती मूर्ती बिघडवल्या? आणि जीर्णोद्धार समित्यांनी? यादवकाळातल्या खांबांना चंदेरी ऑइल पेंट, द्वारपालांना गुलाबी गाल, कीर्तिमुखाला लाल ओठ. जमिनीला बाथरूमच्या फरश्या. पेंटचा थर पोपडा धरतो तेव्हा खालच्या दगडाची साल घेऊनच निघतो. पंढरपुरातही 2024 मध्ये गाभारा बंद ठेवून नंतर बसवलेल्या फरश्या काढाव्या लागल्या. बंदी घालायची तर आधी रंगाच्या डब्यावर घाला.

गावकरी_भंडारकवठे:
साहेब, तुम्ही वर्षातून एकदा येणार, फोटो काढणार, फरशी बघून नाक मुरडणार आणि हायवेला लागणार. आम्हाला रोज तिथं बसायचंय. पावसात सभामंडप गळतो, म्हाताऱ्या बायका शेवाळावर घसरतात. माझ्या आईचा खुबा मोडला, देवळातच. मग वर्गणी काढली, फरशी बसवली. तुम्ही किती दिलेत?

फरशी_हटाव:
आईंचं वाईट वाटलं. पण गुळगुळीत फरशीवर माणूस जास्त घसरतो की दगडावर?

गावकरी_भंडारकवठे:
आमची मॅट आहे, गुळगुळीत नाही. उगं शहाणपण शिकवू नका.

आडवा_उजेड:
दादा, पुरातत्त्वकडे अर्ज केला असता तर…

गावकरी_भंडारकवठे:
केलता. केंद्राच्या संरक्षित यादीत असेल तर शंभर मीटरात वीट लावता येत नाही, यादीत नसेल तर कुणी विचारत नाही. निळा बोर्ड लावतात, शिक्षा-दंड लिहितात, आणि बोर्डच आधी गंजतो. आमचं यादीत नाही. म्हणून आम्हीच केलं. रंगाचं म्हणाल तर तो पोरांनी लावला, आम्हालाही नाही आवडला. पण फरशीवर बोलायचं नाही.

फरशी_हटाव:
बरं. फरशी ठेवा. द्वारपालाचे गाल तरी धुवा. पण तारेचा ब्रश आणि ॲसिड अजिबात नको, नाहीतर रंग बरा म्हणायची वेळ येईल.

गावकरी_भंडारकवठे:
मग कशानं धुवू? ते सांगत नाही कुणी.

फरशी_हटाव:
तुम्ही हात लावू नका. दगडाचं काम जाणणारा संवर्धक आधी कोपऱ्यात बोटभर जागेवर करून बघतो. सध्याच्या स्थितीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. अर्जाला लागतीलच.

भीमाकाठचा:
वा. माझ्या धाग्यात माझ्याविरुद्ध पुरावा. ठीक आहे, नोंदीसाठी फोटो काढावेत, पुजाऱ्याला विचारून, पूजा नसताना, एकदाच. पण रीलवाल्याला ही सवलत नाही. त्याने अजून मथळा बदललेला नाही, उलट ‘भाग दोन लवकरच’ म्हणतोय.

बाराबंदी:
भाग दोन गड्ड्याचा नसला म्हणजे मिळवली.

गावकरी_भंडारकवठे:
आडवा उजेडवाले, रविवारी याल का? बॅटरी आमच्याकडे आहे. जेवून जा.

आडवा_उजेड:
येतो. फरशीचा फोटो काढणार नाही.

अलिबागकर_पाहुणा:
1012.