राउटर बदलल्यापासून टीव्हीवर एकच व्हिडिओ सेवा चालत नाही, मदत हवी आहे

नमस्कार,

साताऱ्यातील आमच्या घरी फायबरचे इंटरनेट आणि अँड्रॉइड टीव्ही आहे. गेल्या मंगळवारी कंपनीच्या तंत्रज्ञाने जुना राउटर काढून नवा बसवला आणि त्याच संध्याकाळपासून, जिची वर्षभराची वर्गणी आम्ही भरलेली आहे अशी एक व्हिडिओ सेवा बंद पडली. ॲप उघडते, नाटकांची पोस्टर दिसतात, आईने अर्धवट सोडलेल्या नाटकाखालची लाल रेघसुद्धा जागेवर असते. पण नाटक लावले की काळ्या पडद्यावर चक्र फिरत राहते आणि दीड-दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करण्याची सूचना येते. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे. दुपारचा व्यायाम संपला की एक अंक पाहायचा, या ओढीने ती तो व्यायाम नेटाने करत होती, म्हणून हा प्रश्न मला लवकर सोडवायचा आहे.

नेहमीचे उपाय झाले आहेत. ॲपची कॅश पुसली, ॲप काढून पुन्हा टाकले, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून गूगलचा ८.८.८.८ केला. टीव्हीची तारीख आणि वेळही तपासली, कारण ती चुकलेली असेल तर सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र नाकारले जाते. टीव्हीवरच मोजलेला वेग ८० एमबीपीएसच्या आसपास आहे आणि एचडी चित्राला साधारण ५ पुरतात, तेव्हा प्रश्न वेगाचा नाही. व्हिडिओ सेवेचे लोक इंटरनेट कंपनीकडे बोट दाखवतात, आणि यूट्यूब चालते म्हणजे लाइन चांगली आहे, असे कंपनीचे उत्तर आहे.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही जोडला तेव्हा मात्र तेच नाटक लगेच लागले. म्हणजे टीव्ही, ॲप आणि खाते या तिन्ही गोष्टी ठीक आहेत. मग लॅपटॉप घरच्या वाय-फायला जोडून पाहिला, तर ब्राउझरमध्येही तेच चक्र. इंटरनेटवरची माहिती ज्या पॅकेटमधून, म्हणजे लहान पुडक्यांतून, जाते त्यांचे तुकडे करू नयेत असा पर्याय देऊन पिंग केले (चाचणीचे पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहिले) असता १४६४ बाइटपर्यंत उत्तर येते, १४७२ ला येत नाही. हेडरचे (पॅकेटवरच्या पत्त्याच्या भागाचे) २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. आमची जोडणी पीपीपीओई पद्धतीची (नाव आणि पासवर्ड देऊन होणारी) असल्यामुळे इथरनेटच्या १५०० मधले ८ बाइट तिच्यातच खर्च होतात, इथपर्यंत मला समजते. परंतु लॅपटॉपचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४०० केल्याबरोबर व्हिडिओ सुरू झाला, यावरून दोष इथेच कुठेतरी आहे असे वाटते.

टीव्हीमध्ये एमटीयू बदलण्याची सोय नाही आणि राउटरच्या पानावरचा तो रकाना ग्राहकाच्या लॉगिनला बदलता येत नाही. कंपनीला नेमके काय बदलायला सांगावे? घरात एक जुना वाय-फाय राउटर पडून आहे, तो मध्ये जोडून काम भागेल का?

प्रतिसाद:

आपले निदान मला बरोबर वाटते. सर्व्हर १५०० बाइटची पॅकेट पाठवतो, ती वाटेत १४९२ च्या दारात अडतात, आणि पॅकेट लहान करा असा निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचला नाही तर तो तीच मोठी पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. हा निरोप काही सेवांच्या वाटेवर अडवला जातो, म्हणून एकच सेवा बंद पडते. यूट्यूब माहिती पाठवायला वापरते त्या क्विक (QUIC) नावाच्या पद्धतीत पॅकेट मुळातच लहान ठेवलेली असतात.

कंपनीला सांगताना 'व्हिडिओ दिसत नाही' असे न सांगता, 'वॅनचा एमटीयू १४९२ करा आणि एमएसएस क्लॅम्पिंग सुरू करून मूल्य १४५२ ठेवा' असे सांगा, आणि पिंगचे आकडेही कळवा. (वॅन म्हणजे राउटरची इंटरनेटकडची बाजू, आणि एमएसएस क्लॅम्पिंग म्हणजे जोडणी सुरू होतानाच राउटरने दोन्ही टोकांना पॅकेटमधला मजकूर ठरलेल्या आकारात ठेवायला लावणे.) तक्रारीचा डॉकेट क्रमांक जरूर घ्या, कारण ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे पुढे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि तिथे तो लागतो. जुना राउटर मध्ये जोडायचा असेल तर कंपनीचे उपकरण ब्रिज मोडवर (स्वतः जोडणी न करता माहिती फक्त पुढे देणाऱ्या स्थितीत) घेऊन जोडणी आपल्या राउटरमधून करणे उत्तम. मात्र त्यासाठी पीपीपीओईचे नाव आणि पासवर्ड कंपनीकडूनच मिळवावे लागतील.

धागाकर्ता:

मनापासून आभार. पहिल्या फोनवर पुन्हा राउटर बंद-चालू करण्याचाच सल्ला मिळाला, परंतु हे आकडे लेखी पाठवल्यावर तांत्रिक विभागातून फोन आला आणि त्यांनी दुरूनच दोन्ही बदल केले. नाटक टीव्हीवर लागले आणि आईने आज दुसरा अंक पाहिला. खात्रीसाठी लॅपटॉपचा एमटीयू पुन्हा १५०० करून पाहिला, आता त्यावरही व्हिडिओ व्यवस्थित चालतो.