गेमिंगसाठी लॅपटॉप : विंडोज, लिनक्स की मॅक?

प्रश्न

माझ्या जुन्या लॅपटॉपला आता नवे गेम पेलत नाहीत, म्हणून नवा घ्यायचा आहे. प्रोग्रामिंगचे सगळे काम मी लिनक्सवर करतो आणि ते तिथेच राहावे अशी इच्छा आहे. ‘एल्डन रिंग’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ एकट्याने खेळतो, तर सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ ठरलेले असते. बहिणीच्या मॅकबुकची बॅटरी दिवसभर पुरते, हे पाहून तोही विचार मनात येतो. निवड करताना आधी काय पाहावे?

उत्तर १

आधी गेमची यादी, मग ऑपरेटिंग सिस्टीम आणि शेवटी लॅपटॉप, असा क्रम ठेवावा. तुमच्या यादीत ‘व्हॅलोरंट’ आहे, त्यामुळे अर्धा निर्णय झालेलाच आहे. त्याची व्हॅनगार्ड ही अँटी-चीट (खेळातली फसवेगिरी रोखणारी) यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, बसून काम करते. लिनक्सवर किंवा मॅकवर तो गेम चालत नाही.

बाकीच्या दोन्ही गेमना लिनक्स पुरेसे आहे. ‘स्टीम’ हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे साधन) आणल्यापासून परिस्थिती खूपच बदलली आहे, कारण गेमने डायरेक्टएक्ससाठी (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली) दिलेल्या आज्ञा डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे त्यातले घटक लिनक्सवरही चालणाऱ्या वल्कन या ग्राफिक्स प्रणालीच्या आज्ञांमध्ये रूपांतरित करतात. ‘एल्डन रिंग’मध्ये ईझी अँटी-चीट असूनही तो प्रोटॉनवर ऑनलाइन खेळता येतो, कारण निर्मात्यांनी तशी मुभा दिली आहे. मात्र ही मुभा काढूनही घेतली जाते : ‘एपेक्स लेजंड्स’चे लिनक्सवरील दार २०२४ मध्ये बंद झाले. त्यामुळे प्रोटॉनडीबीवरच्या (कोणता गेम प्रोटॉनवर कसा चालतो, हे खेळाडू नोंदवतात ते संकेतस्थळ) फक्त ताज्या नोंदींवर विश्वास ठेवावा.

उत्तर २

क्रमाशी सहमत आहे, पण ग्राफिक्स कार्डाच्या नुसत्या नावावर जाऊ नका. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६० एका कंपनीने ३५ वॅटवर, तर दुसरीने ११५ वॅटवर चालवलेले असू शकते, आणि खेळताना हा फरक लगेच जाणवतो. हा आकडा तपशीलपत्रकात ‘टीजीपी’ किंवा ‘कमाल ग्राफिक्स पॉवर’ या नावाखाली शोधावा. जी कंपनी तो देतच नाही, तिचा लॅपटॉप मी सरळ बाजूला ठेवतो. रॅम किमान १६ जीबी हवी आणि ती पुढे वाढवता यावी. एसएसडीसाठी दुसरी एम.२ जागा (छोट्या एसएसडीचा खाचा) असेल, तर दोन सिस्टीम ठेवाव्या लागणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाला तिचा उपयोग स्क्रीनच्या रिफ्रेश रेटपेक्षाही जास्त आहे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवावे लागणार. त्यात अडचणी कोणत्या येतात?

उत्तर ३

मी स्वतः एका अडचणीत सापडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. लिनक्स बसवताना मी सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेली सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) बंद केले आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू करताच निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. ती मी कुठेही लिहून ठेवली नव्हती. सुदैवाने मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, नाहीतर विंडोजमधला सगळा डेटा गेला असता. म्हणून पहिले काम म्हणजे ती की कागदावर उतरवून ठेवणे.

शिवाय विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ला सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (सुरक्षा चिप) लागतात, त्यामुळे सिक्युअर बूट बंद ठेवून चालणार नाही. उबंटू आणि फेडोरा या लिनक्स आवृत्त्या ते चालू असतानाही सुरू होतात. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी मात्र आपली स्वाक्षरी-की एकदा नोंदवावी लागू शकते, आणि रीस्टार्टनंतर येणारा या नोंदणीचा पडदा अनेकजण न वाचताच पुढे ढकलतात. मग ड्रायव्हर लोड होत नाही आणि दोष लिनक्सला दिला जातो.

विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ही (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) बंद करावे, अन्यथा त्याचे पार्टिशन (डिस्कचा भाग) लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरतेच उघडते. एनटीएफएस (विंडोजची फाइल-पद्धत) पार्टिशनवर दोघांत सामाईक स्टीम लायब्ररी ठेवण्याचा मोह टाळावा, कारण प्रोटॉनला लागणारी काही फाइलनावे आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवे) तिथे अडतात. लिनक्सचे गेम ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-पद्धतीवरच असू द्यावेत. जागा दुप्पट लागली तरी चालेल.

उत्तर १

मॅकबद्दल राहून गेले. ‘बाल्डर्स गेट ३’ मॅकवर अधिकृतपणे उपलब्ध आहे, पण ॲपल सिलिकॉनवर (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर) बूट कॅम्प ही विंडोज बसवण्याची सोय नसल्याने विंडोज थेट बसवता येत नाही. ‘व्हॅलोरंट’ सोडायची तयारी नसेल, तर मॅकबुक बहिणीकडेच राहू द्यावे.