मदत हवी आहे : ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कॅन्सर), दोन्ही फुफ्फुसांत गाठी. एएलपी, एलडीएच आणि नेक्रोसिसच्या आकड्यांवरून किती समजतं?

नमस्कार मंडळी,

भाच्यासाठी लिहितोय. वय 16, अकरावीत आहे. डाव्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, गुडघ्याच्या अगदी वर, ऑस्टिओसार्कोमा निघाला. सुरुवातीला खेळताना लचक भरली असं समजून मलम आणि शेक यात वेळ गेला. बायोप्सी झाली तेव्हाच छातीच्या सीटीत उजव्या फुफ्फुसात चार आणि डाव्यात दोन गाठी दिसल्या, सगळ्यात मोठी 14 मिमी. बाकी हाडांत काही नाही.

डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफोस्फामाइड अशी केमो झाली. मग पाय वाचवून ऑपरेशन झालं, खराब हाड काढून आत धातूचा सांधा बसवलाय. काढलेल्या हाडाच्या रिपोर्टमध्ये नेक्रोसिस 82 टक्के, म्हणजे गाठीतला एवढा भाग केमोने मेला. 90 च्या वर असेल तर प्रतिसाद चांगला धरतात हे आम्हाला माहीत आहे, त्यामुळे तो कागद हातात आला तेव्हा ताईचा धीरच सुटला.

आता रक्ताचं. सुरुवातीला अल्कलाइन फॉस्फटेज (एएलपी) 1140 होतं, ते 310 वर आलं. एलडीएच 620 वरून 240 (दोन्ही रक्तात मोजली जाणारी एन्झाइम्स). मागच्या आठवड्यात मात्र एएलपी 395 आणि एलडीएच 410 आलं. रिपोर्टवर दोन्हीपुढे ठळक 'एच' छापलाय आणि ताई तेव्हापासून नीट जेवलेली नाही. मी वाचलं त्यावरून तीन गोष्टी लक्षात आल्या. एक तर लॅबने मोठ्या माणसांची मर्यादा छापली आहे. वाढत्या वयातल्या मुलांत एएलपी मुळातच जास्त असतं. दुसरं, रक्त काढताना पेशी फुटल्या तर एलडीएच उगाच चढतं. आणि तिसरं, पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं चालू असताना हे दोन्ही आकडे वर जातात, आणि त्याची इंजेक्शनं त्याच आठवड्यात झाली होती. माझं हे समजणं बरोबर आहे का? इंजेक्शनं संपल्यावर किती दिवसांनी पुन्हा तपासावं?

प्रोस्टेटसाठी पीएसए असतं तसा या आजाराचा स्वतःचा असा रक्तातला मार्कर नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. सुरुवातीलाच एएलपी आणि एलडीएच खूप जास्त असणं हे आजाराचा पसारा मोठा असल्याचं लक्षण मानतात, पण एका मुलाचं पुढे काय होईल हे त्यावरून ठरत नाही, असं ते म्हणाले. मला हे पटतं. तरी घरातलं प्रत्येक माणूस त्या आकड्यांवर झोपतं आणि उठतं.

जगण्याच्या शक्यतेबद्दल आम्ही सरळ विचारलं. निदानाच्या वेळीच आजार पसरलेला असेल तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण साधारण 20 ते 30 टक्के, न पसरलेल्यांत 60 ते 70 च्या आसपास. पण आजार फक्त फुफ्फुसात असेल, गाठी थोड्या असतील आणि सगळ्या काढता आल्या, तर चित्र सरासरीपेक्षा बरं असतं. म्हणजे आमची सगळी आशा आता छातीच्या ऑपरेशनवर आहे, आणि माझे खरे प्रश्न तिथलेच आहेत.

केमोनंतर मोठी गाठ 9 मिमी झाली, बाकीच्या जवळपास तशाच आहेत. या आजारातल्या गाठीत कॅल्शियम साठतं, त्यामुळे आतून मेलेली गाठही सीटीत आकाराने तेवढीच दिसू शकते, असं एका सर्जननी सांगितलं. त्यांचं मत छाती उघडून ऑपरेशन करावं असं आहे, आधी एक बाजू आणि काही आठवड्यांनी दुसरी, कारण सीटीत न दिसलेल्या बारीक गाठी हाताला लागतात. दुसऱ्या सर्जननी दुर्बिणीतून करू म्हटलंय. त्रास कमी, पण हात आत जात नाही. कुणाच्या घरी दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालंय का? मधल्या काळात केमो थांबली होती का? श्वासाचे व्यायाम कधी सुरू केले?

आणखी एक. एका खासगी लॅबच्या माणसाने गाठीची जनुकीय तपासणी करा, त्यावरून औषध मिळेल, असं सांगून बहिणीच्या मागे लकडा लावलाय. खर्च मोठा आहे. ऑस्टिओसार्कोमात टीपी53 आणि आरबी1 ही जनुकं बिघडलेली बऱ्याचदा सापडतात, पण त्यावर नेम धरणारं औषध आज हातात नाही, असं मला कळलंय. रेगोराफेनिब हे औषध पुढे लागलं तर ते या तपासणीशिवायही देतात. मग पैसे ऑपरेशनसाठी राखावेत असं माझं मत आहे. मात्र भाच्याची आत्या पस्तिशीच्या आत स्तनाच्या कॅन्सरने गेली. त्यामुळे टीपी53 चा बिघाड घराण्यातूनच आलाय का हे पाहायला त्याच्या रक्तातून या जनुकाची आनुवंशिक तपासणी वेगळी करून घ्यावी का? त्याला धाकटी बहीण आहे, 11 वर्षांची. यात जेनेटिक कौन्सेलरकडे कुणी गेलं असेल तर कृपया लिहा.

'नव्या' या ऑनलाइन सेवेवरून टाटाच्या तज्ज्ञांचं मत कुणी घेतलंय का? कोणते कागद आणि सीडी आधी तयार ठेवावी लागतात?

काढा, गोमूत्र, पथ्याचे उपाय कृपया सुचवू नका. सिस्प्लॅटिन आणि आयफोस्फामाइडने मूत्रपिंडावर आधीच ताण आहे. पुढच्या आठवड्यात सीटी आहे आणि त्यानंतर दोन्ही सर्जनना एकत्र भेटणार आहोत. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते त्याआधी कागदावर उतरवून न्यायचंय, म्हणून लवकर लिहिलंत तर उपकार होतील.