मालक इंजिनिअर, मग धंदा कोणी बघायचा?

जे-ब्लॉक
भोसरी-चाकण पट्ट्यात हे चित्र जागोजागी दिसतं. दोन मशीनवर सुरू झालेलं शॉप (धातूचे सुटे भाग काढणारा छोटा कारखाना) आठ-दहा सीएनसी-व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, जातं, माणसं तीस-चाळीस होतात, उलाढाल सहा कोटींच्या घरात पोचते. तरी कोटेशन मालकच काढतो, बँकेत तोच जातो, पेमेंटचे फोन तोच करतो आणि रात्रपाळीला जॉब पकडणारं फिक्स्चर अडलं की पान्हा घेऊन तोच उभा. माझं मत स्पष्ट आहे: अशा वेळी पुढची मशीन बुक करण्याआधी बिझनेस मॅनेजर नेमा. अकाउंटंट नव्हे, सेल्सचा पोरगाही नव्हे. कोणतं काम घ्यायचं, काय भावात, किती उधारीवर, आणि पैसे आले नाहीत तर माल कधी थांबवायचा, हे ठरवणारा माणूस.

हिशेब करा. सहा कोटी म्हणजे महिन्याला ५० लाख. तीन महिन्यांची उधारी धरली की दीड कोटी बाहेर अडकले. वर जीएसटी आहेच, गिऱ्हाइकाने दिलेला असो वा नसो, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आपण भरायचा. सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) ११ टक्के धरले तरी नुसतं व्याज वर्षाला साडेसोळा लाख होतं. मॅनेजरचा पगार त्यातच आहे.

मायक्रोमीटर
नाही हो, त्यात नाही. उधारी शून्यावर आणणारा मॅनेजर अजून जन्माला यायचाय. ९० चे ६० दिवस केलेत तर ५० लाख सुटतील, त्यावरचं व्याज साडेपाच लाख. बऱ्यापैकी माणूस वर्षाला बारा लाख मागतो. उरलेले साडेसहा कुठून आणायचे?

आणि भाव तो ठरवणार? ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) बघून ‘याला ग्राइंडिंग लागणार’ हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात कोटेशन दिलं की वर्षभर घाट्यातले जॉब काढत बसा. त्यापेक्षा आणखी एक व्हीएमसी घ्या. ती राजीनामा तरी देत नाही.

हिशोबनीस
ड्रॉइंग कळणाऱ्या मालकांचं कॉस्टिंगही जरा बघू. मी अशाच शॉपची पुस्तकं बघतो, नेहमीचा प्रकार सांगतो. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, १२ मिनिटं, मशीनचा दर तासाला ५०० रुपये. मालक मनातल्या मनात शंभर धरतो, वर दहा चढवून ११० ला देतो आणि खूश होतो. सेटिंगला, म्हणजे जॉबसाठी मशीन लावायला, गेलेले तीन तास? त्याचे १५०० रुपये. लॉट ४०० चा असेल तर नगामागे पावणेचार, म्हणजे भाव चालला. पण गिऱ्हाइकाच्या पर्चेसवाल्याने चौकशी ४०० ची केली आणि शेड्यूल (प्रत्यक्ष मागणी) सोडलं ४० चं. आता नगामागे सेटिंग साडेसदतीस. प्रत्येक नगावर साडेसत्तावीस रुपये खिशातून जातात आणि मशीन चालू आहे म्हणून सगळे आनंदात.

यात टॉलरन्सचा काय संबंध? पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) किमान लॉट लिहून घ्यायला हवा होता. मायक्रोमीटर, तुमचे साडेसहा लाख मला दर वर्षी अशाच जागी सापडतात.

जुना टर्नर
पीओ वाचायला बारा लाखांचा साहेब कशाला? आतलाच माणूस वर काढा. डिप्लोमा झालेला, चार-पाच वर्षं इन्स्पेक्शनला घासलेला पोरगा घ्या. रिजेक्शन आपल्यामुळे की त्यांनी दिलेल्या कास्टिंगमुळे (ओतीव तुकड्यामुळे) हे पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, तोंडावर सांगून तो डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) परत घ्यायला लावतो. बाहेरून आलेला सूटबूटवाला तिथे आधी सॉरी म्हणेल.

जे-ब्लॉक
डेबिट नोटचं शंभर टक्के मान्य. पण ‘साहेब, हे काम घेऊ नका’ असं मालकाला सांगायची त्या पोराची प्राज्ञा आहे का? मॅनेजरचं खरं काम तिथे सुरू होतं. १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रांत असायचे आणि कारभार रामुअण्णांकडे होता. कारखाना वाढला तो दोघांमुळे.

मायक्रोमीटर
रामुअण्णा त्यांचे भाऊ होते. बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून बरोबर होते, लिंक्डइनवरून आणले नव्हते. तुमचा पगारी मॅनेजर दोन वर्षांत सगळी गिऱ्हाइकं ओळखीची करून शेजारच्या गाळ्यात जाईल. तिथे जाऊ नये म्हणून करार कराल, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे तो टिकत नाही.

चाकणहून
उधारीवर कुणी कायद्याचं बोललंच नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने तर वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही, अशी सोय केली. एप्रिल २०२५ पासून लघुची उलाढालीची मर्यादा १०० कोटी आहे, म्हणजे वाढलो म्हणून हे कवच लगेच जात नाही. ९० दिवस सोसतो ते आपणच.

जुना टर्नर
व्याज मागून बघा. पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्य.

चाकणहून
सत्तर टक्के काम एकाच पार्टीचं असेल तर होणारच. तिथे मॅनेजरही माल थांबवू शकत नाही, नुसती ईमेल पाठवत बसेल. म्हणून त्याला पहिल्या वर्षी वसुलीला लावू नका, दुसरी-तिसरी पार्टी उभी करायला लावा. आणि वसुलीत एक फायदा आहेच. मालकाने कडक बोललं की संबंध बिघडतात. मॅनेजर बोलला की मालक मागून फोन करून ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणू शकतो. दोघं मिळून पैसे काढतात.

मायक्रोमीटर
हे मात्र पटलं. आता जे-ब्लॉक यांना सरळ प्रश्न. भाव ठरवायचा आणि माल थांबवायचा अधिकार तुम्ही स्वतः कुणाला दिलाय का? लेखी?

जे-ब्लॉक
भावाचा दिलाय, पाच लाखांपर्यंतच्या ऑर्डरला. माल थांबवायचा नाही. सीसीला माझं राहतं घर तारण आहे, तो निर्णय माझाच राहणार.

मायक्रोमीटर
मग वर चार गोष्टी मोजल्यात त्यातली शेवटची खोडा. बारा लाखांत कोटेशन क्लार्क ठेवलात.

हिशोबनीस
क्लार्क म्हणणं जरा जास्त होतंय. पण जे-ब्लॉक, मर्यादा ऑर्डरवर ठेवून उपयोग नाही, पार्टीच्या एकूण थकबाकीवर ठेवा. चार-चार लाखांच्या पाच ऑर्डरी त्याच्या अधिकारात बसतात आणि एका पार्टीकडे वीस लाख अडकतात. घर तारण असेल तर आधी हे बदला.